सारंगाचे नारळ

माझं नाक लहानपणापासून दुसऱ्यांच्या खिडकीत. आई म्हणायची, "ह्या पोरीला एक वेळ जेवायला देऊ नका, पण शेजारी काय शिजलंय ते सांगा, पोट भरेल हिचं." खोटं नव्हतं ते. आम्ही राहायचो ती इमारत स्कॉटलंडमधल्या एका बंदराच्या गावात, टेकडीच्या उतारावर होती. खाली क्लाइड नदीचं रुंद मुख, पलीकडे डोंगर आणि मधून ये-जा करणारी जहाजं. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण तिथे अजून ओळखीची माणसं आहेत आणि त्यांनाही माझ्याइतकंच नाक आहे. दगडी, तीन मजली इमारत, एकच सामाईक जिना, मजल्यावर दोन-दोन बिऱ्हाडं. जिन्यात उभं राहिलं की सगळ्यांच्या घरचं सगळं कळायचं: कोणाकडे कोबी उकडतोय, कोणाकडे जुंपलीय, कोणाच्या टीव्हीवर फुटबॉल लागलाय. धुकं पडलं की नदीवरून भोंगा वाजायचा, गोठ्यात कोंडलेल्या म्हशीसारखा, आणि बाबा दर वेळी न चुकता आईला म्हणायचे, "घे, तुझ्या माहेरची मंडळी आली."

आईचं माहेर देवगडच्या बाजूचं. गाबीत, म्हणजे समुद्रावर पोट असलेली माणसं. तिच्या वडिलांची होडी होती. बाबा नागपूरचे, त्यांनी समुद्र पहिल्यांदा पाहिला तो मुंबईला नोकरीला आल्यावर, आणि आई पाहिली तीही तिथेच. एकाच हॉस्पिटलात ते एक्स-रे काढायचे आणि ती नर्स होती. या लग्नानंतर नागपूरच्या आजीने दोन वर्षं पत्र पाठवलं नाही. मग दोघं इकडे आली, मी चार वर्षांची असताना, आणि समुद्र बाबांच्या मागेच लागला. तिकडचे लोक तेव्हा बांगडा खात नसत. गळाला लावायला कापायचे, नाहीतर मांजरीला घालायचे. आईला हे ज्या दिवशी कळलं त्या दिवशी ती ड्युटीवरून थेट धक्क्यावर गेली आणि पिशवीभर बांगडे फुकट घेऊन आली. "मेले आंधळे आहेत सगळे," असं म्हणत तिने ते साफ केले. देवगडहून पार्सलने येणारी सोलं आणि तिरफळं तिने डब्यात कुलूप लावल्यासारखी जपलेली असायची, ती त्या दिवशी बाहेर निघाली. आमच्या जिन्यात तिरफळाचा वास पहिल्यांदा गेला तेव्हा वरच्या मजल्यावरच्या म्हातारबांनी गॅस लीक झाला म्हणून दार ठोठावलं होतं. बाबा तर मासळीच्या दिवशी खिडकी सताड उघडून, अंगात ओव्हरकोट घालून वरण-भात जेवायचे.

नारळ मात्र फुकट मिळत नव्हता. तो ग्लासगोहून यायचा, महिन्यातून एकदा, एकच. आई दुकानात दहा नारळ कानाशी धरून हलवायची. दुकानदार वैतागायचा. घरी आणलेला नारळ दोन-तीन दिवस नुसता ओट्यावर बसून असायचा पाहुण्यासारखा, मग आई तो मागच्या पायरीवर हातोडीने फोडायची. पाणी मला. अर्धी वाटी त्याच दिवशी खवणीवर, उरलेलं खोबरं खवून फ्रीजरमध्ये, चमच्या-चमच्याने महिनाभर पुरवायचं. एकदा माझ्या हातून खवलेलं खोबरं सांडलं तर तिने ते जमिनीवरून गोळा करून, धुऊन, आमटीत घातलं होतं. नारळाची माझ्या लेखी काय किंमत होती ते यावरून कळावं, कारण पुढे जे झालं ते त्यातूनच झालं. आता रीडिंगला माझ्या घरापासून पाच मिनिटांवरच्या सुपरमार्केटात नारळाच्या दुधाचे डबे भिंतीसारखे रचलेले असतात आणि माझा नातू "आजी, तो दूध मला नको" म्हणून तोंड वाकडं करतो. त्याचं मराठी सुधारू की त्याची जीभ, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

आमच्या बरोबर खाली, तळमजल्यावर, मिस गिलीस राहायच्या. आई त्यांना गिलीसबाई म्हणायची, म्हणून मीही. सत्तरीच्या, उंच, काटक, केस पुरुषांसारखे कापलेले. बाप बंदरात जहाजं आत आणणारा पायलट होता, लग्न केलं नव्हतं, आणि त्या पुस्तकं लिहायच्या एवढं सगळ्यांना माहीत होतं. त्यापलीकडे कोणाला पर्वा नव्हती. मला होती. रोज शाळेतून आल्यावर त्यांच्या दारामागून टाइपरायटरचा आवाज यायचा, खाड-खाड-खाड, आणि मी जिन्यात दप्तर ठेवून ऐकत उभी राहायची. चौदाव्या-पंधराव्या वर्षी मला त्या आवाजात फरक जाणवायला लागला. आधी पाऊस पडल्यासारखा पडायचा, मग थांबत थांबत, मग दोन अक्षरं आणि मध्ये एवढी शांतता की मला वाटायचं, गेल्या की काय बाई. शेवटी न राहवून मी बेल दाबली.

"तुम्ही हल्ली इतकं हळू का टाइप करता?" मी विचारलं. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

"आणि तू हल्ली इतकं लक्ष देऊन का ऐकतेस?" त्या म्हणाल्या. मग हात पुढे केले. बोटांचे सांधे आल्याच्या गड्ड्यासारखे सुजले होते. "टाइप करता येतं तुला?"

येत होतं. शाळेत शिकवलं होतं. त्या दिवसापासून दर शनिवारी सकाळी आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी मी त्यांच्याकडे जायला लागले. आईला म्हटलं, नोकरी लागली. आई म्हणाली, "नोकरी कसली, चौकश्या करायला पगार मिळतोय तुला."

काय घर होतं ते! कोळशाचा, जुन्या कागदाचा आणि भाजलेल्या ओटकेकचा वास. भिंतीवर समुद्राचे नकाशे, कपाटात जहाजांच्या लॉगबुकांच्या, म्हणजे रोजनिशांच्या, नकला, लिलावातून आणलेली शंभर-शंभर वर्षं जुनी नाविक पंचांगं. भरती-ओहोटी, सूर्य, चंद्र, सगळं त्यात तारीखवार छापलेलं. आणि दोन टेबलं. खिडकीशी होतं ते कादंबरीचं, भिंतीशी होतं ते इतिहासाचं. एका टेबलावरचा कागद दुसऱ्यावर गेलेला त्यांना खपायचा नाही. एकदा मी चुकून नेला तर जोडा घेऊन अंगावर याव्यात तशा आल्या. "या टेबलावर मी मला हवं ते घडवते," खिडकीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "आणि त्या टेबलावर घडलं तेवढंच लिहिते. दोन्ही एकत्र केलं की माणूस खोटारडा होतो." इतिहासाच्या टेबलावर प्रत्येक वाक्याला टाचणीने चिठ्ठी लावलेली असायची: हे कुठून कळलं. लॉगचं पान, कोर्टाचा कागद, अमुक बाईने सांगितलं, तमुक दिवशी. चिठ्ठी नाही तर वाक्य नाही. मी प्रश्न विचारून त्यांना भंडावून सोडायची. जहाजावर आजारी पडलं तर काय? हेरिंग मासे साफ करणाऱ्या बायका बोटांना चिंध्या का बांधायच्या? कप्तानाच्या बायका सोबत जायच्या का? त्या मला "लॅसी" म्हणायच्या, म्हणजे तिकडच्या बोलीत पोरी, पण कधी "गप टाइप कर" म्हणाल्या नाहीत. उत्तर माहीत असेल तर सांगायच्या, नसेल तर "माहीत नाही, शोधू" म्हणायच्या, आणि खरंच शोधायच्या. मोठं माणूस "माहीत नाही" असं इतक्या सहज म्हणताना मी पहिल्यांदाच ऐकत होते. ऐकलं, पण शिकले नाही.

त्यांची सगळ्यात गाजलेली कादंबरी तीसेक वर्षांपूर्वीची होती, एका बंडाची. शंभरेक वर्षांपूर्वी मुंबईहून माल घेऊन क्लाइडला निघालेलं शिडाचं जहाज, भर समुद्रात हिंदी खलाशी उठाव करतात, त्यांचा म्होरक्या एक काळाकभिन्न सारंग. सारंग म्हणजे जहाजावरच्या खलाशांचा मुकादम. गावातल्या प्रत्येक घरात ती होती. शाळेत पोरं खेळताना त्या सारंगासारखे डोळे वटारायची, आणि हे सांगायला हरकत नाही आता, तो खेळ खेळताना सारंग नेहमी मलाच व्हावं लागायचं. तरी मला ती कादंबरी आवडायची. तीनदा वाचली होती मी. मला तो सारंग आवडायचा, निदान घाबरत तरी नव्हता कोणाला.

आणि आता म्हातारपणी गिलीसबाई त्याच जहाजाचा खरा इतिहास लिहीत होत्या, भिंतीच्या टेबलावर. हे आपलं शेवटचं पुस्तक, असं त्यांनीच सांगितलं होतं. जहाजाच्या मेटचा लॉग त्यांना मिळाला होता. कप्तान आजारी, म्हणून सगळा कारभार या मेटच्या, म्हणजे दुय्यम अधिकाऱ्याच्या, हातात. त्याने लिहिलं होतं की ऑगस्टमधल्या अमुक दिवशी दुपारनंतर खलाशांनी काम सोडलं, धुतलेले कपडे घातले, आणि सूर्य मावळायच्या सुमाराला कठड्याशी जमून, आरडाओरडा करत, जहाजाच्या कोठीतले नारळ समुद्रात फेकले. नारळांना पिवळं काहीतरी फासलं होतं. थांबा म्हटलं तर सारंग थांबला नाही, उलट मेटचा हात बाजूला केला. हात लावला म्हणजे बंड. सारंगाला बेड्या घातल्या, बंदरात पोचेपर्यंत सहा आठवडे. इथे कोर्टाने तुरुंगात टाकलं. तिथे पहिल्याच हिवाळ्यात छातीच्या दुखण्याने मेला आणि गावच्या दफनभूमीच्या एका कोपऱ्यात, दगड न लावता, पुरला गेला. कोर्टाच्या कागदात त्याचं नाव होतं, इब्राहिम. गाव, रत्नागिरी जिल्हा.

हे प्रकरण टाइप करताना एका शनिवारी गिलीसबाई थांबल्या. "एक मला कळत नाही," म्हणाल्या. "बंड करायचं तर माणूस कोठी लुटतो, खातो. हे फेकून का देतात? तुमच्यात याला काही अर्थ आहे का, नारळ पाण्यात टाकण्याला?"

तुमच्यात! मला कोण भाव चढला. आख्ख्या गावात हे विचारण्यासारखी मीच एक. मी पाठ ताठ केली आणि अक्कल पाजळली. "छे," म्हटलं, "अजिबात नाही. इंडियन माणूस नारळ कधीही फुकट घालवणार नाही. आमच्याकडे तर एक कीससुद्धा वाया जात नाही. मुद्दामच केलं असणार त्यांनी, नुकसान करायला."

त्यांनी मान हलवली आणि चिठ्ठी लिहिली. त्या चिठ्ठीवर माझं नाव होतं, पुढे "भारतीय". वाक्य तयार झालं: अन्नाचा हा नाश त्यांच्या स्वतःच्या चालीरीतींनाही सोडून होता, तेव्हा हेतू उघड आहे. त्याखाली माझी चिठ्ठी टाचली गेली. मी घरी उड्या मारत गेले. मी आता इतिहासात होते.

नंतरच्या आठवड्यात ऑगस्टमधलाच एक दिवस होता. शनिवार होता म्हणून मला लख्ख आठवतो. आईला सुट्टी होती आणि तिने नारळीभात केला होता. आमच्याकडे त्या दिवशी नारळीभात असायचा आणि पोस्टाने आलेल्या राख्या असायच्या, बस, एवढंच मला माहीत. गुळाचा, लवंगेचा, वेलचीचा वास जिन्यात उतरला होता. बाबांनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं, आणि मी जेवता जेवता प्रौढी मिरवत सगळी गोष्ट सांगितली. जहाज, मेट, नारळ, पिवळं फासलेलं, आणि मी काय बोलले ते. सोमवारी हस्तलिखित लंडनला जाणार होतं, तेही सांगितलं.

आईचा हात ताटातच थांबला.

"धुतलेले कपडे घातले होते त्यांनी?" तिने विचारलं.

"हो."

"आणि सूर्य बुडताना?"

"हो गं. का?"

"पिवळं म्हणजे हळद गो, बाये," आई म्हणाली. अस्सल रागात किंवा अस्सल दुःखात असली की ती मालवणीकडे सरकायची. "आज काय आहे माहितीये तुला? नारळी पौर्णिमा. आज आमच्याकडे सगळं बंदर समुद्रावर येतं. नवे कपडे घालून. नारळाला हळद-कुंकू लावून समुद्राला देतात, मगच होड्या पाण्यात जातात. काय सांगून बसलीस तू त्या बाईला?"

"मग तू कधी नाही टाकलास नारळ!" मी ओरडलेच. "मला कसं कळणार?"

"महिन्याला एक मिळतो इथे," आई म्हणाली. "दर वर्षी वाटतं टाकावा. दर वर्षी मन धजत नाही." मग ताट बाजूला सारून, "माझंच चुकलं. तुला दाखवायला हवं होतं."

बाबा हळूच म्हणाले, "आता काय करायचं? छापायला चाललंय ते. त्या बाईंचं वय, त्यांचं पुस्तक. आणि मेलेल्या माणसाला काय फरक पडतो?"

"अहो, असं काय बोलता?" आई एवढंच म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "तू सांगतेस की मी सांगू?"

मी सांगते म्हटलं आणि संडासात जाऊन बसले. खरं सांगायचं तर मला इब्राहिमची काही पडली नव्हती त्या क्षणी. माझ्या डोळ्यांपुढे ती चिठ्ठी होती. गिलीसबाई पुन्हा मला काही विचारणार नाहीत. पुन्हा त्या टेबलाशी बसू देणार नाहीत. त्या गावात माझ्या प्रश्नांना उत्तर देणारं ते एकच घर होतं, आणि ते मी माझ्या तोंडाने बंद करायला निघाले होते. वर आणखी भीती: म्हणजे त्यांची ती गाजलेली कादंबरी, ती आख्खीच्या आख्खी, एका पूजेला बंड समजून लिहिलेली होती. हे सत्तरीच्या बाईला कोण सांगणार? पंधरा वर्षांची मी?

शेवटी आई माझ्यासोबत आली. हातात नारळीभाताची वाटी, कारण रिकाम्या हाताने कोणाकडे जायचं नाही. गिलीसबाईंनी दार उघडलं, मला पाहून हसल्या, आईला पाहून चष्मा सरळ केला. मी आत जाऊन उभ्याउभ्याच, एका दमात बोलून टाकलं. मी म्हटलं ते चूक होतं. मला माहीत नव्हतं आणि तरी मी सांगितलं. मग आईने पौर्णिमेचं सांगितलं, तिच्या इंग्लिशमध्ये, अडखळत पण पूर्ण.

गिलीसबाईंचा चेहरा दगड झाला. मी तो कधी विसरले नाही. "तू तर 'अजिबात नाही' म्हणाली होतीस," त्या मला म्हणाल्या. मग आईकडे वळल्या. "आणि क्षमा करा, पण हा माणूस मुसलमान होता. तुम्ही हिंदू. त्याला तुमच्या सणाचं काय?"

मला वाटलं, संपलं. पण आई हसली, त्या सगळ्या प्रकारात ती हसली! "मॅडम, समुद्र विचारतो का कोण आहेस?" ती म्हणाली. "आमच्या बंदरावर दालदी लोक होते, मुसलमान, मासेमारी करणारे. आमच्या शेजारी त्यांच्या होड्या. हमीदचाचा सगळ्यांत मोठा नारळ आणायचा आणि माझ्या वडिलांना चिडवायचा, तुझा लिंबाएवढा आहे म्हणून. होडी ज्याची, नारळ त्याचा."

"ते तुमच्या आठवणीतलं," गिलीसबाई म्हणाल्या. आवाज कडक होता, पण त्या बसल्या. "मला कागद पाहिजे. मी चिठ्ठी कशाची लावू?"

"पौर्णिमा होती का बघा," आई म्हणाली. "नसेल तर मी खोटी."

हे मात्र गिलीसबाईंना टाळता येईना. त्या जन्मभर त्याच नियमाने जगल्या होत्या. त्यांनी मला कपाटाकडे पाठवलं, त्या सालचं नाविक पंचांग काढायला. वरच्या फळीवर होतं. मी स्टुलावर चढून काढलं, धूळ झटकली, त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांची बोटं पानं उलटेनात म्हणून मीच उलटली. ऑगस्ट. चंद्राचा रकाना. लॉगमधली तारीख त्यांना पाठ होती, तरी त्यांनी लॉगची नक्कल मागवून शेजारी ठेवली. मग वाकून, चष्मा कपाळावर सारून, कितीतरी वेळ पाहत राहिल्या. मी त्यांच्या खांद्यावरून वाचलं. पूर्ण चंद्र. तीच तारीख.

बाहेर रस्त्यावरून एक बस गेली. मग आईने असं काही विचारलं जे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं, आणि मी स्वतःला मोठी चौकस समजत होते.

"तो घरी पोचला का?"

गिलीसबाईंनी मान हलवली. नाही. कुठे पुरलंय तेही त्यांनी सांगितलं.

"नारळ देताना आम्ही काही फार मागत नाही," आई म्हणाली. "शांत हो, आमच्या माणसांना घरी येऊ दे. एवढंच म्हणायचं असतं." आणि ती रडायला लागली. ड्युटीवर माणसं मरताना पाहणारी माझी आई, तिला मी क्वचित रडताना पाहिलं होतं. "तेवढंच तर मागत होता तो, गिलीसबाई. तेवढंच मागितलं म्हणून बेड्या घातल्या त्याला."

तिने मॅडम न म्हणता गिलीसबाई म्हटलं, हे तिच्या लक्षातही आलं नाही. गिलीसबाईंनी आपला सुजलेला हात आईच्या हातावर ठेवला. "तीस वर्षं," त्या म्हणाल्या, "तीस वर्षं या गावातली पोरं त्याला भीत आली, माझ्यामुळे." मग नारळीभात त्यांनी खाल्ला. शीत न् शीत गोळा करून वाटी रिकामी केली, आणि चव कशी आहे ते सांगितलं नाही.

त्या पुस्तकाचं पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकते. लंडनच्या प्रकाशकाला बदललेलं प्रकरण आवडलं नाही. बंड होतं म्हणून तर तो छापणार होता. वर्षभर रखडवून त्याने थोड्या प्रती काढल्या. त्या संपल्या, पुन्हा छापल्या नाहीत. कादंबरी मात्र अजून मिळते. मागच्या महिन्यात केंब्रिजला लेकीकडे गेले होते, तिथल्या चॅरिटी शॉपमध्ये दिसली, नव्या कव्हरची, त्यावर डोळे वटारलेला सारंग. मी ती विकत घेतली. रागाने घेतली, म्हणजे दुसऱ्या कोणी घेऊ नये म्हणून. लेक म्हणाली, "आई, अशा किती घेणार आहेस?" आत्तापर्यंत अकरा झाल्यात. वेडेपणा आहे, मला कळतं. दुकानं माझ्याहून जास्त आहेत.

पण मला सांगायचंय ते त्या सोमवारचं. मी शाळेतून थेट त्यांच्याकडे गेले. मला वाटलं, दार उघडून निरोप देतील. दार उघडंच होतं. त्या इतिहासाच्या टेबलाशी बसल्या होत्या, टाइपरायटरमध्ये कोरा कागद लावून. "बस," म्हणाल्या. "नव्याने सुरुवात करायची आहे."

त्यांनी सांगायला सुरुवात केली आणि मी टाइप करत गेले. त्याचं नाव इब्राहिम होतं. तो रत्नागिरीकडचा होता. त्या दिवशी पौर्णिमा होती आणि त्याने आपल्या माणसांसाठी समुद्राकडे घरी पोचणं मागितलं. एकेका वाक्याला थांबत होत्या. मग म्हणाल्या, नवा परिच्छेद. "मी या माणसावर एक कादंबरी लिहिली, आणि तीत त्याच्यावर अन्याय केला. हे पुस्तक लिहितानाही मी तो पुन्हा करणार होते. मी एकीला विचारलं. तिला उत्तर माहीत नव्हतं, आणि ते कबूल करायला ती लाजली. मला हवं तेच उत्तर मिळालं म्हणून मी दुसऱ्या कोणाला विचारलं नाही."

माझी बोटं थांबली. "हे असंच छापायचं?" मी विचारलं.

"घडलं तेवढंच."

"माझं नाव घालायचं?"

"मेटच्या लॉगमध्ये इब्राहिमचं नाव कुठेही नाही," त्या म्हणाल्या. "नुसतं सारंग. कोर्टाच्या कागदातून मला ते शोधून काढावं लागलं, दोन वर्षं गेली त्यात. नाव न लिहिणं फार सोपं असतं, लॅसी. तुझं तू ठरव. मी आत चहा टाकते."

त्या आत गेल्या, आणि मुद्दाम वेळ लावला, किटली उकळून शिट्टी वाजवत होती तरी बाहेर आल्या नाहीत. मी त्या वाक्याकडे बघत बसले. नाक गळत होतं, बाहीला पुसलं. मग रोलर एक ओळ मागे घेतला, "एकीला" या शब्दावर एक्स मारले, आणि त्याच्या वर माझं नाव टाइप केलं, आडनावासकट.